कोकणातून नेपाळला: मुलांचा तंबू कॅम्प आखताना

खेड, चिपळूण किंवा कुडाळच्या मंडळातली पंधरा-सतरा वर्षांची पोरं चढायला कमी पडत नाहीत. पाठीवर सॅक घेऊन सुमारगड-महिपतगड केलेल्याला नेपाळातल्या दगडी पायऱ्यांचं काही वाटणार नाही. अडचण येते ती तीन ठिकाणी: उंची, कोरडी थंडी आणि घरून सोबत नेलेली ओल. पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे नाहीतच. तिसरी इतकी अंगवळणी पडलेली की तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

खाली धरलेला गट असा: बारा मुलं, तीन मोठी माणसं (मुली असतील तर त्यात एक बाई हवीच) आणि पोखऱ्याच्या उत्तरेची मर्दी हिमालची वाट. ही वाट निवडायचं कारण सोपं आहे. सुरुवातीपर्यंत गाडी जाते, छोट्या विमानाच्या भरवशावर राहावं लागत नाही आणि प्रत्येक मुक्कामाला लॉज आहे. रात्री तंबू फाटला तर मुलांना छप्पर मिळतं. पहिल्याच परदेशी कॅम्पला एव्हरेस्ट बेस कॅम्पचा हट्ट धरू नये.

कधी जायचं

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरअखेर हा उत्तम काळ. आपली दिवाळीची सुट्टी त्यातच येते. मे महिन्यात सुट्टी मोठी असली तरी दुपारनंतर ढग, गारा आणि विजा. जून ते सप्टेंबर विचारही नको. जळवांची आपल्याला सवय असली तरी दरडींची नसावी.

दिवाळीत एक मोठी गैरसोय आहे, छठची, म्हणजे दिवाळीनंतर येणाऱ्या उत्तर भारतीयांच्या सणाची. मुंबईहून गोरखपूरकडे (नेपाळच्या सीमेजवळचं आपलं स्टेशन) जाणाऱ्या गाड्या दिवाळीच्या आधीपासून छठपर्यंत खच्चून भरलेल्या असतात आणि छठनंतर परतीच्या गाड्यांची तीच गत. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठला तिघा जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून तिकिटं काढायची. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे पंधरा जणांची तीन तिकिटं. कोकण रेल्वेने वर येऊन लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्सप्रेस धरली की साधारण दीड दिवसात गोरखपूर. दोन गाड्यांच्या मध्ये किमान पाच-सहा तास ठेवा. कोकण रेल्वेला उशीर झाला की पुढची गाडी थांबत नाही, आणि पंधरा जणांना वेटिंगवर कोणी घेत नाही.

दुसरी नजर बंगालच्या उपसागरावर ठेवा. निसर्ग आणि तौक्ते पाहिलेल्या किनाऱ्याला चक्रीवादळ समजावून सांगायला नको, पण तेच वादळ हिमालयात बर्फ होऊन पडतं हे फार जणांना ठाऊक नसतं. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद विशाखापट्टणमला धडकलं, आणि दोन दिवसांनी अन्नपूर्णा-धौलागिरी भागात त्याच्या उरलेल्या ओलाव्याने हिमवादळ होऊन चाळीसहून अधिक माणसं गेली. तेव्हा निघायच्या आधी आणि चढताना रोज हवामान खात्याचं वादळाचं पत्रक बघा. आंध्र-ओडिशाकडे वादळ येतंय असं दिसलं तर जिथे असाल तिथून खाली. एक दिवस वाट पाहून ठरवू, असं म्हणायचं नाही.

कागदपत्रं

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, म्हणून लोक आधार कार्ड खिशात घालून निघतात. अठरा ते पासष्ट वयाच्या माणसाला आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. पंधराच्या आतल्या मुलांना फोटो, वय आणि ओळख दाखवणारा कागद पुरतो, त्यात आधार चालतं. पंधरा ते अठरामधल्यांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखपत्र चालतं. आपला जवळजवळ सगळा गट नेमका याच वयाचा असतो आणि दिवाळीच्या सुट्टीत मुख्याध्यापक भेटत नाहीत, तेव्हा हे पत्र सहामाही परीक्षेच्या आधीच हातात हवं. चार-पाच महिने हाताशी असतील तर सरळ पासपोर्ट काढा. विमानाने जाणाऱ्यांनी तर काढावाच.

शिवाय प्रत्येक मुलाच्या आई-वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र, त्यात गटप्रमुखाला वैद्यकीय निर्णय घ्यायचा अधिकार स्पष्ट लिहिलेला. सगळ्यांची नावं, वय, रक्तगट आणि घरचा नंबर असलेली एकच यादी करून तिच्या दहा प्रती काढा. सोनौलीला (गोरखपूरहून नेपाळात शिरायचा नाका), परवान्याच्या कचेरीत, चेकपोस्टवर, लॉजवर तीच द्यायची.

विमा घेताना एकच ओळ शोधा: किती मीटर उंचीपर्यंतचं ट्रेकिंग त्यात धरलंय. साध्या प्रवास विम्यात उंचीवरचं ट्रेकिंग बहुतेकदा वगळलेलं असतं. हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च हजारो डॉलरांत जातो आणि पैशाची हमी मिळाल्याशिवाय ते सहसा उडत नाही. विम्याचा चोवीस तास चालणारा नंबर तिन्ही मोठ्यांच्या फोनमध्ये आणि कागदावरही हवा.

अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना पोखऱ्यात मिळतो. सार्क देशांतल्या नागरिकांना 1,000 नेपाळी रुपये, म्हणजे आपले 625. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा 1.60, हा दर 1993 पासून तोच आहे. 1 एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकरना परवानाधारक गाइड सक्तीचा आहे. पंधरा जणांना एक गाइड आणि दोन सहायक घ्या, म्हणजे एखाद्या मुलाला खाली न्यायची वेळ आली तरी उरलेला गट उघडा पडत नाही. पोर्टरच्या पाठीवर 20 ते 25 किलोच्या वर बोजा नको, आणि त्याच्याकडे स्वतःचे बूट आणि जाकीट आहे ना हे निघायच्या आधी बघा. भारतीय पैसे शंभराच्या नोटांत न्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. बस चुकते ती याच पंधरा मिनिटांत.

सामान: आधी ओल बाहेर काढा

माळ्यावरचा तंबू दोन महिने आधी अंगणात उभा करा. खाऱ्या दमट हवेत तंबूच्या कापडामागचा पॉलियुरेथेनचा थर सुटतो. हाताला चिकट लागतो आणि आंबूस वास येतो. असा तंबू पाणी धरत नाही आणि दुरुस्तही होत नाही, काढून टाका. काळ्या ठिपक्यांची बुरशी असेल आणि थर शाबूत असेल तर कोमट पाण्यात साधा साबण घालून स्पंजने पुसा, सावलीत पूर्ण वाळवा. चेनची धातूची सरकती कडी मिठाने अडकलेली असते. जुन्या दात घासायच्या ब्रशने घासून मेण चोळा. खांबांच्या जोडात पांढरी पूड दिसली तर ते ॲल्युमिनियम खाल्लं गेलंय. बारीक पॉलिश पेपरने साफ करून एकदा पूर्ण जोडून-सोडवून बघा. थंडीत ते अडकले की दाताने ओढणारा कोणीतरी निघतोच.

बुटांचं याहून वाईट. आपल्याकडे तीन-चार वर्षं कपाटात पडलेल्या ट्रेकिंग बुटाचा मधला फोम हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत कुजतो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो आणि पहिल्या दिवशीच्या दुसऱ्या तासाला अख्खा सोल सुटून हातात येतो. दादाचे बूट घेऊन येणारी दोन मुलं प्रत्येक गटात असतात. त्यांना ते बूट घालून पाचाडहून रायगड पायऱ्यांनी चढा-उतरायला लावा, तेही एकदा नव्हे, तीनदा. तरीही बरोबर पाच मीटर नायलॉन दोरी ठेवा, सोल बांधायला.

स्लीपिंग बॅग विकत घेऊ नका. पिसांची बॅग किनाऱ्यावर टिकत नाही, गोळे होतात. पोखऱ्याच्या लेकसाइडला भाड्याने मिळते. घेताना तिच्यावरचा ‘कम्फर्ट’ आकडा बघायचा, उणे पाच ते उणे दहाचा. बाजूला ‘एक्स्ट्रीम’चा मोठा आकडा छापलेला असतो, त्या तापमानाला माणूस जेमतेम जगतो, झोपत नाही. बॅगपेक्षा मॅटकडे जास्त दुर्लक्ष होतं. अंगाखाली दबलेली बॅग ऊब देत नाही, जमीन ती शोषून घेते. फोमची मॅट खाली आणि हवेची वर, अशा दोन घ्या. सगळ्यांना हवेची मिळाली नाही तर फोमच्याच दोन.

अंगावर तीन थर पुरतात: आत घाम शोषून न ठेवणारा पॉलिस्टर किंवा लोकरीचा, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. आपल्याकडे सुती कपडा घामाने गार करतो म्हणून चांगला, तिथे तो त्याच कारणाने वाईट. लोकरीचे मोजे तीन जोड, त्यातला एक फक्त झोपायला. ओठ आणि टाचा फुटतात. कोकमाचं मुठेल (बियांचं घट्ट तेल) घ्या, बाजारातल्या कुठल्याही मलमाला हार जात नाही. खोबरेल मात्र पहिल्या रात्रीच बाटलीत दगड होतं.

मुक्काम कसे पाडायचे

समुद्रसपाटीवर वाढलेल्या शरीराला वर चढायला नव्हे, वर झोपायला वेळ लागतो. 3,000 मीटरच्या वर एका रात्रीपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत झोपायची जागा 500 मीटरहून जास्त चढू द्यायची नाही, हा नियम. या वाटेवरची नेहमीची चूक म्हणजे फॉरेस्ट कॅम्पवरून एका दिवसात हाय कॅम्प. पाय नेतात. डोकं मध्यरात्री हिशेब मागतं.

पहिल्या दिवशी पोखऱ्याहून (सुमारे 820 मीटर) कांडेपर्यंत गाडी आणि तिथून ऑस्ट्रेलियन कॅम्प, सुमारे 2,060. दुसरा मुक्काम फॉरेस्ट कॅम्प, 2,550 च्या आसपास. तिसरा लो कॅम्प, 3,000. चौथ्या दिवशी फक्त बादल डांडापर्यंत, 3,200. हा दोन-तीन तासांचाच दिवस आहे आणि पोरं कुरकुरणार, पण हाच दिवस कॅम्प वाचवतो. पाचवा हाय कॅम्प, 3,550. सहाव्या दिवशी पहाटे व्ह्यू पॉइंटकडे, जमेल तेवढंच. माच्छापुच्छ्रे (6,993 मीटर) समोर उभा असतो तो अर्ध्या वाटेवरूनही दिसतो. त्याच दिवशी लो कॅम्पला उतरायचं. सातव्या दिवशी सिदिंगला उतरून जीपने पोखरा. शिवाय एक दिवस हातचा ठेवा. तो लागला नाही तर फेवा तलावात होडी चालवा. खाडीकाठची पोरं तिथे भाव खाऊन जातात.

तंबू कुठे आणि कसा

मतलई वारा ज्याला कळतो त्याला ही जागा निवडता येते. रात्री आपल्याकडे जमीन गार झाली की वारा डोंगराकडून दर्याकडे सुटतो. तिथेही तेच: सूर्य मावळला की वरच्या उतारावरची गार जड हवा घळीतून खाली वाहते आणि खोलगट जागेत पाण्यासारखी साचते. म्हणून वाऱ्यापासून आडोसा म्हणून खळगा निवडणं ही चूक. खळग्यापेक्षा पंधरा-वीस फूट वरचा सपाट टप्पा जास्त उबदार असतो. धारेवर मात्र नको, तिथे वीज आणि वारा दोन्ही. दार उताराच्या खालच्या अंगाला ठेवा. लॉजमालकाला विचारूनच त्याच्या आवारात उभं करा. तंबूमागे थोडे पैसे घेतात आणि संडास-पाणी मिळतं.

जागेवरचे खडे वेचा, झोपून बघा, डोकं चढाच्या बाजूला येईल असं ठरवा. खालचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच लहान हवं. बाहेर आलं तर पाऊस त्यावर पडून थेट अंगाखाली येतो. आधी वाऱ्याकडचे दोन कोपरे खिळवा, मग खांब. खुंटी तंबूपासून उलटी कललेली ठोका, जमिनीशी साधारण 45 अंशात, आणि दोरी अगदी जमिनीलगत बांधा. हाय कॅम्पला जमीन गोठलेली किंवा नुसता दगड असतो. तिथे खुंटी आडवी ठेवून तिच्या मध्यावर दोरी बांधायची आणि वर डोक्याएवढा धोंडा. होडी खुंटाला बांधणाऱ्या पोराला दोऱ्यांचं खातं सोपवा. त्याची गाठ वाऱ्यात सुटत नाही आणि सकाळी थंड बोटांनी सुटते.

थंडी वाजते म्हणून मुलं तंबूची सगळी जाळी-झरोके बंद करतात. तीन जणांचा श्वास रात्रभरात आतल्या कापडावर पाणी होऊन, गोठून, पहाटे तोंडावर पडतो आणि बॅगा ओल्या होतात. वरचे झरोके उघडेच ठेवायचे. तंबूत स्टोव्ह, शेगडी, मेणबत्ती काहीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. इथे ‘जरा वेळ’ चालत नाही.

झोपायच्या आधी घामाचे कपडे सगळे बदला, मोजेसुद्धा. गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायाशी घ्या. बाकीच्या बाटल्या उलट्या उभ्या करा, पाणी वरून गोठतं, सकाळी तोंड मोकळं मिळतं. बॅटऱ्या, फोन आणि पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर बॅगेत अंगाशी. फिल्टर एकदा गोठला की आतून फुटतो आणि वरून काहीच कळत नाही. लघवीला उठायचं टाळून कुडकुडत पडून राहणाऱ्यांना सांगा: जाऊन ये, मग नीट झोप लागते.

चूल

झाडं तोडून शेकोटी करायची नाही. संरक्षित क्षेत्र आहे. गॅसचे डबे रेल्वेतही चालत नाहीत आणि विमानातही, पोखऱ्यात घ्या. फक्त ब्युटेनचा डबा शून्याच्या आसपास बसतो, कारण ब्युटेनची वाफ तिथे होतच नाही. प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण मागा. 230 ग्रॅमच्या डब्यात थंडीत दहा-बारा लिटर पाणी उकळतं, म्हणजे पंधरा जणांच्या एका वेळच्या जेवणाला आणि चहाला एक डबा संपतो. एवढे डबे वाहण्यापेक्षा रात्रीचं जेवण लॉजवर डाळ-भात घ्या आणि सकाळ-दुपार स्वतः करा. ते लोक तंबूच्या जागेचे पैसे त्या भरवशावर कमी घेतात.

3,500 मीटरवर पाणी साधारण 88 अंशांना उकळतं. उकडा तांदूळ तिथे उघड्या टोपात नीट शिजत नाही, तूरडाळ तर नाहीच. पाच लिटरचा कुकर न्या आणि घरच्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या. सोबत कुळथाचं पीठ न्यावं: चार किलोत पंधरा जणांची सहा वेळची पिठी होते, ती दहा मिनिटांत गरम पोटात जाते. जाडे पोहे, मेतकूट, आमसुलं, भाजलेलं सुकं खोबरं. चालताना आंबापोळी-फणसपोळी, चॉकलेट थंडीत दात मोडतं, पोळी चिवट राहते. सुके बोंबील नको. रेल्वेच्या डब्यात दीड दिवस सहप्रवाशांचा विचार करा.

माणशी तीन लिटर पाणी रोज पोटात जायला हवं. 2,000 मीटरच्या वर पाणी उकळी फुटल्यावर तीन मिनिटं ठेवा. क्लोरीनच्या गोळ्यांना अर्धा तास, गार पाण्यात त्याहून जास्त. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, म्हणून आपल्या मुलांना तहानच कळत नाही. सकाळच्या लघवीचा रंग विचारायला लाजू नका, लिंबासारखा फिकट हवा.

डोकं दुखलं तर

रोज संध्याकाळी प्रत्येकाला वेगळं बोलावून चार प्रश्न: डोकं दुखतं का, मळमळतं का, जेवलास का, चक्कर येते का. सगळ्यांसमोर विचारलं तर कोणी खरं सांगत नाही. डोकेदुखी आणि बाकीच्यातलं एखादं असेल तर ती उंचीच, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. त्या मुलाने त्या रात्री वर जायचं नाही. पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉल. सकाळपर्यंत बरं नसेल तर खाली.

सरळ रेषेत टाचेला पाऊल लावून चालायला सांगा. झोकांडी गेली किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं तर मेंदूला सूज आहे. बसल्या जागी धाप, खोकला, फेसाळ थुंकी, तर फुप्फुसात पाणी. दोन्हींत रात्र असली तरी लगेच किमान 500 ते 1,000 मीटर उतरायचं, दोन मोठ्यांनी, मुलाला एकट्याने चालू न देता. सकाळची वाट पाहणं हीच इथली जीवघेणी चूक. बोटावरचं ऑक्सिजन मीटर 85-90 दाखवेल, त्या उंचीला ते नेहमीचं आहे. गार बोटावर तर ते काहीही दाखवतं. आकड्यापेक्षा पोर बघा. ॲसिटाझोलामाइडची (उंचीचा त्रास टाळायची) गोळी मुलांना द्यायची की नाही, किती, हे निघायच्या आधी घरच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही. पर्यटक पोलिसांचा नंबर 1144.

पोखऱ्याला परतल्यावर हॉटेलच्या गच्चीवर सगळे तंबू पूर्ण उघडून वाळवा, दोन तास ऊन पुरतं. ओला तंबू तीन दिवस गाडीत गुंडाळून आणला तर घरी पोहोचेपर्यंत बुरशी धरते. घरी पिशवीत कोंबू नका. सैल घडी करून सुती गोणीत घाला आणि सामानाच्या पेटीत सिलिका जेलची पाकिटं टाका. बॅटऱ्या काढून ठेवा. आणि पुढच्या जूनच्या आत, मळभ यायच्या आधी, एकदा पुन्हा अंगणात उभा करून वास घ्या.